वाटीने छापलेली बस

१६ एप्रिल, गुरुवार. आज कुमुदकाकूंचं गॅरेज रिकामं करायचं. सोमवारी घराचा ताबा नव्या मालकांकडे जाणार आहे आणि गॅरेजमध्ये अजून आडव्या बांधलेल्या दोऱ्या, त्यांवरचे कपड्यांचे चिमटे, शाईचे डबे, रोलर आणि एका कोपऱ्यात ‘चूक. टाकू नका’ असं मार्करने लिहिलेलं खोकं आहे. काकू काल विमानाने मुलाकडे गेल्या. मी ऑफिसातून एक दिवसाची सुट्टी घेतली आहे. काम चार तासांचं आहे, पण दोऱ्यांच्या गाठी काकूंनी मारलेल्या आहेत, त्यामुळे पाच धरायला हवेत.

कुमुदकाकू मूळच्या नागपूरच्या. इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला आल्यावर त्यांनी तीस वर्षं काउंटीच्या रस्तेखात्यात नकाशे काढले, आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर. माझी ओळख झाली तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. मंडळाच्या गणपतीला मी पार्किंगचा नकाशा काढून दारावर चिकटवला होता. एक उंच, सडपातळ बाई त्यासमोर उभी राहिली, पर्समधून पेन काढलं आणि माझा एक बाण खोडला.

“तुझ्या बाणाने गेले तर सगळे त्या मेपलच्या झाडात घुसतील,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी मला फोन कर.”

पुढच्या वर्षी मी फोन केला. त्यानंतर पार्किंगचं राहिलं बाजूला, मी त्यांच्या चित्रांची ने-आण करू लागले. मला चित्रातलं काही कळत नाही. माझी नोकरी माल वेळेवर पोचवण्याची आहे, आणि त्यांना नेमकं तसंच माणूस हवं होतं.

काकू शाळांसाठी चित्रं छापत. लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरतात तसल्या जाड, मऊ पत्र्याच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचं. छपाईचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. घासायला त्या आमटीची स्टीलची वाटी वापरत, बुडाकडून. नागपूरहून आणलेली ती वाटी घासून घासून आरशासारखी झाली होती.

चित्रं कसली, तर शहरातली. नाणी टाकून कपडे धुण्याच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये कपडे फिरताना बघत बसलेली माणसं. शाळेसमोर रस्ता ओलांडून देणारी बाई. पहाटे दुकानाबाहेर बर्फ सारणारा माणूस. नखं रंगवण्याचं दुकान. याचं कारण त्या एकच सांगत. त्यांचा मुलगा निखिल शाळेत होता तेव्हा वर्गात गवताच्या गंजींचं आणि कमळांच्या तळ्याचं चित्र होतं. पाच वर्षं त्याने ती गंजी पाहिली. “आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या पोराची आई लॉन्ड्रोमॅट चालवायची,” काकू म्हणत. “ती कुठल्याच भिंतीवर नव्हती.”

नियम ठरलेले. चित्र एका मोठ्या पिझ्झ्यापेक्षा महाग असता कामा नये, म्हणजे शाळेला कुणाची सही घ्यावी लागत नाही. चित्रात पाटी नाही, अक्षर नाही, आकडा नाही, कारण अक्षर दिसलं की मुलं वाचून मोकळी होतात आणि बघत नाहीत. काच नाही. मुलांनी हात लावायचा. मळलं की काकू दुसरं पाठवणार. एकदा लॉन्ड्रोमॅटचं चित्र एका शाळेतून परत आलं. त्यातल्या एका ड्रायरच्या गोल काचेवर बोटं फिरवून फिरवून मुलांनी कागद पार पातळ केला होता. मी ते कचऱ्यात टाकणार होते. काकूंनी माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या दिवाणखान्यात लावलं. घरात लावलेलं त्यांचं स्वतःचं तेवढं एकच चित्र.

आणि उंची. चित्राचा मध्य मुलांच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे. शाळेतला देखभाल करणारा माणूस सवयीने मोठ्यांच्या उंचीला लावून टाकी. काकू तिथे जात, चित्र उतरवत, जमिनीवर गुडघे टेकत आणि आपल्या नाकासमोर खूण करत. मुख्याध्यापक, शिक्षक, कोणीही बोलत असलं तरी त्या गुडघ्यांवरूनच उत्तरं देत. “मला उठवू नका,” त्या म्हणत, “परत बसायला वेळ लागतो.”

कुठल्याही जागेचं चित्र काढायचं तर तिथे बसायचा हक्क पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लॉन्ड्रोमॅटचं चित्र करताना घरात उत्तम मशीन असताना त्या धुतलेल्या चादरी घेऊन जात आणि पुन्हा धूत. एका महिन्यात चादरी विरल्या. नखांच्या दुकानात बसण्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नखं रंगवून घेतली, तीही लालभडक, आणि त्याच नखांनी पंधरा दिवस लिनो कोरत राहिल्या. मीनलने, म्हणजे पुण्याहून आलेल्या आणि दिवसभर कोड लिहून शनिवारी आमच्याबरोबर घासायला येणाऱ्या मुलीने, त्या हातांचा फोटो काढला. काकू म्हणाल्या, डिलीट कर, नागपुरात कोणी पाहिला तर माझी बहीण विमान पकडून येईल.

पहिली छापलेली प्रत ज्याचं काम त्यात दाखवलं आहे त्याच्याकडे जायची. त्याने मान्य केल्याशिवाय पुढे छापायचं नाही. लॉन्ड्रोमॅट चालवणाऱ्या बाईने चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि सांगितलं की इलॅस्टिकची चादर अशी कोणी घडी घालत नाही. काकूंनी तिच्याकडून तिथेच ती घडी शिकून घेतली, घरी येऊन तेवढा भाग पुन्हा कोरला, आणि मला रागावल्या, तू वीस वर्षं चादरी धुतेस, तुला कसं कळलं नाही म्हणून. मला कळलं नव्हतं हे खरं. मी त्या गोळा करून कपाटात कोंबते.

या हिवाळ्यात शेजारच्या शहरातल्या नऊ शाळांनी सहा चित्रांचा संच मागवला. एवढं मोठं काम काकूंना कधी आलं नव्हतं. त्यांनी मला सकाळी सात वाजता फोन करून नऊ हा आकडा तीन वेळा सांगितला. पाच चित्रं तयार होती. सहावं करायचं होतं, बस स्टॉपचं.

त्याच आठवड्यात निखिलने ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर मोठं केल्याचं कळवलं आणि काकूंचं इथलं घर विकायला निघालं. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, उजव्या अंगठ्याच्या सांध्याने काकूंना हैराण केलं होतं, डॉक्टरांनी कोरणी हातात धरू नका असं स्वच्छ सांगितलं होतं. निखिलचं काही चुकत नव्हतं. तो स्पीकरवर समजावत होता की तिथल्या गॅरेजला एसी आहे, आई, तू आरामात कर.

“तिथे जवळ बस आहे का रे?” काकूंनी विचारलं.

“बस कशाला? मी ड्राइव्ह करीन ना.”

“मग मी काढू काय? तुझी गाडी?”

विमानाचं तिकीट पंधरा एप्रिलचं निघालं. बसचं चित्र त्यांचं इथलं शेवटचं, आणि अंगठ्याकडे पाहता कदाचित एकूणच शेवटचं. ते वेळेत आणि बरोबर झालं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यांनी रंगीत करायचं ठरवलं. पद्धत अशी की तुकडा एकच. आधी सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग जिथे पिवळा राहायला हवा तेवढा भाग तुकड्यातून कोरून टाकायचा आणि त्याच तुकड्याने वर लाल छापायचा. मग पुन्हा कोरायचं, निळा. शेवटी काळा. प्रत्येक रंगाबरोबर तुकडा संपत जातो, त्यामुळे मागे फिरायची सोय नाही. चुकलं तर सगळे कागद एकदम चुकतात. मी हे ऐकून विचारलं की अशी पद्धत माणूस निवडतोच कशाला. काकू म्हणाल्या, कारण एकच तुकडा लागतो आणि स्वस्त पडते. मला पटलं.

यावेळी एक गोष्ट त्यांनी केली नाही. पहिली प्रत बस ड्रायव्हरला दाखवली नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाल्या, तीस वर्षं मी याच काउंटीचे रस्ते काढले, रस्ता मला कोण शिकवणार? घाई होती, मी जोर धरला नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तीन रंग झाले. शाळांच्या प्रती आणि पुढे मळल्या तर बदलायला जादा, असे सव्वाशेच्या वर कागद दोऱ्यांवर लटकत होते आणि गॅरेजभर जवसाच्या तेलाचा वास होता. चित्र फार छान आलं होतं, हे मलाही कळत होतं. पावसाळी सकाळ, पिवळे दिवे, लाल कोट घातलेली आई, निळी बस. मीनल म्हणाली, यार काकू, ही सगळ्यात भारी आहे. आम्ही तिघी एक दिवस नुसतं बघत चहा प्यालो.

तीन रंगांची एक प्रत घेऊन काकू एका शाळेत गेल्या, भिंतीवर कशी दिसते ते बघायला. मी गाडी चालवत होते. काकूंनी गुडघे टेकून प्रत भिंतीला धरली. दुसरीच्या वर्गातल्या मुली जेवून परत येत होत्या. त्यांतली मारिसोल नावाची एक थांबली. तिच्या पाठीवर दप्तर होतं आणि एका बुटाची नाडी सुटली होती. तिने चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि काकूंना इंग्रजीत अगदी नम्रपणे सांगितलं, “ही माझी बस नाही. माझ्या बसला या बाजूला दार नसतं. मी चढणार कशी?”

मग ती बससारखी उभी राहिली. डावा हात वर करून म्हणाली, इथे ड्रायव्हर. उजवा हात वर करून म्हणाली, इथे मी.

काकूंनी प्रत गुंडाळली आणि त्या उठल्या. घरी आल्यावर त्या प्रत घेऊन बाथरूमच्या आरशासमोर गेल्या आणि मला हाक मारली. आरशात बस बरोबर होती. कागदावर उलटी.

लिनोवर जे कोरतो ते कागदावर डावं-उजवं बदलून येतं, हे काकूंना अर्थातच माहीत होतं. पण चित्रात अक्षरं नसल्यामुळे ते बदललं तरी आजवर बिघडलं नव्हतं. लॉन्ड्रोमॅट उलटा झाला तर कोणाला कळतं? म्हणून त्या सरळ बघून सरळ कोरत. इथे बस रस्त्याच्या डाव्या बाजूने आली होती आणि तिचं दार डाव्या अंगाला होतं, थेट नागपूरसारखं. काकूंना ते खटकलं नाही, कारण त्यांचे डोळे तिथे घडलेले. मला खटकलं नाही, मीनललाही नाही. नागपूरच्या काकू, मुंबईची मी आणि पुण्याची मीनल, अशा तिघींनी महिनाभर तो कागद कितीदा तरी पाहिला होता, आणि सगळ्यांना ती बस अगदी बरोबर वाटत होती. खरं सांगायचं तर आरशातली बरोबर बसच मला जराशी विचित्र दिसली.

मी व्यवहारी माणूस आहे. मी म्हटलं, पाठवून द्या, नव्वद टक्के लोकांच्या लक्षात येणार नाही.

“जिच्यासाठी केलं तिच्या लक्षात आलं.”

मी म्हटलं, मग कॉम्प्युटरवर उलटवून रंगीत झेरॉक्स काढू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिसरा पर्याय काढला. काळा रंग मारून हे सगळे नागपूरला त्यांच्या जुन्या शाळेत पाठवायचे, तिथे दार बरोबर बाजूला आहे.

“नागपूरच्या पोरांना जर्सीची बस कशाला?” काकू म्हणाल्या. “त्यांच्या भिंतीवर त्यांची बस पाहिजे. तू मला गवताची गंजी पाठवायला सांगतेस.”

हातात बावीस दिवस होते. काकूंनी अंगठ्याला स्वयंपाकघरातलं फडकं घट्ट गुंडाळलं आणि त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर पोहे खाऊन, नवा तुकडा काढला. रडारड नाही. त्यावर कार्बन पेपर ठेवला, त्यावर चुकलेली प्रत, आणि रेषांवरून पेन्सिल फिरवली. उलट्याचं उलट म्हणजे सरळ. चुकलेल्या कागदानेच नवं चित्र उतरलं, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते मला दोनदा समजावलं.

आणि या वेळी कोरायला घेण्याआधीच, पेन्सिलीने बरोबर बाजूला उतरवलेली एक प्रत ड्रायव्हरकडे गेली. रूट ४६ या हायवेवरच्या स्टॉपवर काकू सव्वा तास उभ्या राहिल्या, बस आली तेव्हा चढल्या आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या. तिथे ड्रायव्हर बाईने सँडविच खाता खाता प्रत पाहिली. दार ठीक, म्हणाली. पण म्हातारी माणसं चढताना मी बस एका बाजूने खाली वाकवते, ती वाकलेली दिसत नाही. आणि मी एवढी खाली बसत नाही, मला सगळ्यांची डोकी दिसतात. काकू त्याच बसने परत आल्या आणि उतरता उतरता मला फोन केला. “स्मिता, बस वाकते! मी आज तिला वाकायला लावली.” त्यांच्यामागे दार बंद होताना ऐकू आलं.

नंतरचे दिवस धावपळीचे होते, आणि मजेचेही. काकू कोरत, आम्ही छापत. मीनल आणि मी आपापल्या घरून वाट्या आणल्या. माझी नॉनस्टिक भांड्यांच्या सेटमधली निघाली, ती काकूंनी परत पाठवली. तीन वाट्यांचा कागदावर घुंई घुंई आवाज गॅरेजभर व्हायचा. एकीकडे घराची पॅकिंग चालली होती. जेवणाचं टेबल विकलं गेलं तेव्हा आम्ही इस्त्रीच्या टेबलावर छापलं. दुपारी काकू अंगठा बर्फात बुडवून बसत आणि आम्हाला सूचना देत. मीनलला त्या म्हणाल्या, तू वाटी अशी धरतेस की जणू ती पळून जाईल. मला म्हणाल्या, स्मिता, ऑफिसात पण अशीच वरवर घासतेस का?

काळा रंग अकरा एप्रिलला झाला. आठ शाळांचे संच सुकतील तसे काकूंनी स्वतः जाऊन, स्वतः गुडघे टेकून लावले. नववी शाळा मारिसोलची. तिथल्या प्रती सगळ्यात शेवटी छापल्या होत्या आणि त्यांची शाई सुकली नव्हती. काकू पंधरा तारखेच्या सकाळीसुद्धा गॅरेजमध्ये जाऊन बोट लावून आल्या. काळा अजून बोटाला लागत होता.

“उद्या सुकेल,” त्या म्हणाल्या. “परवा तू ने. पण बसने ने.”

मी म्हटलं, काकू, गाडीने अर्धा तास, बसने दीड, मध्ये एकदा बदलायची.

“एवढी वर्षं झाली तुला इथे. कधी चढलीस?”

कधीच नव्हते.

मी त्यांना न्यूअर्कच्या विमानतळावर सोडलं. कोरण्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या. वाटी मात्र त्यांनी हातातल्या पर्समध्ये ठेवली होती आणि तपासणीला तीच अडकली. मी दोरीच्या अलीकडे उभी होते. अधिकाऱ्याने वाटी उचलून उलटीसुलटी पाहिली. काकूंच्या पायात बूट नव्हते. त्यांनी वाटी त्याच्या हातातून घेतली, आपला बोर्डिंग पास प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पालथा ठेवला आणि वाटीच्या बुडाने घासून दाखवायला सुरुवात केली, गोल गोल, कोपऱ्यापर्यंत. मागची रांग थांबली. अधिकारी वाकून बघत होता. काकूंनी त्याला वाटी धरायला दिली, त्याची पकड बदलून दिली, आणि मग एकदाही मागे न बघता बुटांकडे गेल्या.

तर आज गॅरेज. सुकलेल्या प्रती उतरवून नळीत घातल्या आणि दोऱ्या शेवटी कापल्या. ‘चूक’ लिहिलेल्या खोक्यावर काकूंची चिठ्ठी सापडली, पाठची बाजू कोरी आहे, मारिसोलच्या वर्गाला चित्रं काढायला द्यावी. मीनल संध्याकाळी येऊन शाईचे डबे घेऊन गेली. झाडू मारला, दार ओढलं, किल्ली एजंटच्या पेटीत टाकली.

१७ एप्रिल, शुक्रवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी स्टॉपवर होते, एका हातात प्रतींची नळी, दुसऱ्या हातात खोकं. बस आली. माझ्यासाठी ती वाकली नाही. दार उजव्या अंगालाच होतं. शाळेत देखभाल करणाऱ्या माणसाने खिळे आधीच माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठोकून ठेवले होते. मी ते उपटले, गुडघे टेकले, नाकासमोर खूण केली आणि बस लावली. मुलं जमली. मारिसोल पुढे आली. तिने दोन बोटं चित्रातल्या फुटपाथवर ठेवली, ती चालत चालत दारापर्यंत नेली, आत चढवली, आणि खिडकीपाशी थांबवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की जरा बाजूला सरका, मागच्यांना दिसत नाही.

मी सरकले.